पाटीवरची पदवी आणि मोबाईलवरची जाहिरात : डॉक्टरांच्या दाव्यांवर अंकुश कोणाचा?

धायरीकर (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर मांडतो, कारण तपशील गाळला तर तो नीट कळणार नाही.

माझ्या आईचे वय ७१ आहे आणि गेली चार-पाच वर्षे तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून सांगितले होते की झीज बरीच झाली आहे, व्यायाम आणि वजन सांभाळावे लागेल आणि पुढेमागे सांधा बदलण्याचा विचार करावा लागेल. शस्त्रक्रियेचे नाव ऐकून आई धास्तावली. त्याच सुमारास तिच्या मोबाईलवर एक जाहिरात वारंवार दिसू लागली. ‘शस्त्रक्रियेविना संधिवात व गुडघेदुखीतून कायमची मुक्ती’ असे शब्द, पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांचा फोटो, नावाआधी ‘डॉ.’, नावापुढे ‘एम.डी.’ आणि त्याखाली ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे गुडघेतज्ज्ञ’. पुढच्या चित्रफितीत आईच्याच वयाच्या एक बाई पर्वतीच्या पायऱ्या चढताना दाखवल्या होत्या. आई लग्नानंतर वीस वर्षे दर श्रावणात पर्वती चढत असे, त्यामुळे तिला ते दृश्य फार लागले.

आम्ही ४६ हजार रुपये आगाऊ भरले. तीन महिने तेल, कॅप्सूल आणि यंत्राने शेक असे उपचार चालले. फरक पडला नाही. विचारायला गेलो तेव्हा ‘दुसरा टप्पा’ घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे, असे उत्तर मिळाले. घरी येऊन सगळे कागद काढले, तर एकाही कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. पावतीवर डॉक्टरांचे नावही नव्हते. तिथे एका कंपनीचे नाव होते.

मला विचारायचे आहे ते असे. डॉक्टरांनी स्वतःच्या पदव्यांची आणि उपचारांची जाहिरात कशी करावी, याला काही नियम आहेत की नाहीत? असतील तर अशी जाहिरात दिवसाढवळ्या चालते कशी? आणि माझ्यासारख्या सामान्य माणसाने ‘एम.डी.’ ही दोन अक्षरे वाचल्यावर आणखी काय पाहायला हवे होते?

वकील, शिवाजीनगर

आपल्या आईंना झालेला मनस्ताप वाचून वाईट वाटले. मी ग्राहक आयोगासमोर वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू सांगतो.

नियम आहेत, आणि कागदावर ते बरेच कडक आहेत. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या आचारसंहितेच्या विनियमांनुसार रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने आपल्याकडे ओढणे हेच मुळात अनैतिक वर्तन आहे. डॉक्टरला वृत्तपत्रात निवेदन देता येते ते ठरावीक प्रसंगीच : व्यवसाय सुरू करताना, त्याचे स्वरूप किंवा पत्ता बदलताना, काही काळ अनुपस्थित राहणार असताना, पुन्हा काम सुरू करताना, दुसऱ्याचा व्यवसाय पुढे चालवायला घेताना आणि आपले शुल्क जाहीर करताना. लेटरहेडवर किंवा पाटीवर स्वतःचा फोटो छापणे ही आत्मजाहिरात मानली जाते. पाटी अवाजवी मोठी नसावी, तिच्यावर नाव, विद्यापीठाने किंवा वैधानिक संस्थेने दिलेली पदवी, विशेष शाखा आणि परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक याहून अधिक काही नसावे, आणि ती औषधाच्या दुकानावर लावू नये, इतक्या बारकाव्याने हे नियम लिहिलेले आहेत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर आणि पैशांच्या पावतीवरही असलाच पाहिजे. आपल्या कागदांवर तो नाही, ही गोष्ट तक्रारीत अगदी सुरुवातीला लिहा.

मग अडते कुठे? पहिली अडचण काळाची आहे. पुढे या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे विनियम अधिसूचित केले होते आणि त्यांत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र सूचना होत्या. रुग्णांचे फोटो आणि अनुभवकथने टाकू नयेत, पैसे देऊन अनुयायी वाढवू नयेत, असे त्यांत होते. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, हे विनियम स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. त्यामुळे मोबाईलवरच्या जाहिरातींना आज आपण जे नियम लावतो ते वर्तमानपत्र आणि पाटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. राज्याच्या वैद्यक परिषदेचा हात तिच्या नोंदवहीतल्या डॉक्टरपर्यंतच पोहोचतो. आपली पावती कंपनीच्या नावाने आहे, जाहिरातही बहुधा कंपनीनेच दिलेली असणार, आणि कंपनीची नोंदणी परिषद रद्द करू शकत नाही, कारण ती तिथे नसतेच.

म्हणून इतर कायदे पाहावे लागतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत आणि ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात देणे हा गुन्हा आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा यांच्याबरोबर संधिवातही त्या यादीत आहे. झिजेची गुडघेदुखी आणि कायद्यातला संधिवात एकच का, यावर समोरचा पक्ष वाद घालील, परंतु जाहिरातीत ‘संधिवात’ हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला आहे. या कायद्यात जाहिरातीची व्याख्या प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेल्या घोषणेपर्यंत व्यापक आहे, त्यामुळे मोबाईलवरची चित्रफीत तिच्या बाहेर राहते असे म्हणणे अवघड आहे. मात्र नोंदणीकृत डॉक्टरने स्वतःच्या जागेत ‘येथे अमुक विकारावर उपचार होतात’ अशी पाटी लावली तर त्याला सूट आहे, म्हणून तक्रार पाटीबद्दल न करता जाहिरातीबद्दल करा. आपल्याकडे अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, एवढीच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे, त्यामुळे नुकसानभरपाईसाठी पुण्याच्या जिल्हा आयोगाकडेही जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

माझे मत विचाराल तर उपचारांच्या जाहिरातींना प्रसिद्धीपूर्व मंजुरी सक्तीची केली पाहिजे.

फिजिशियन, कोथरूड

मी कोथरूडमध्ये २७ वर्षे दवाखाना चालवते. धायरीकरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावर कोणी बोलत नाही.

‘एम.डी.’ या दोन अक्षरांचे आपल्या शहरात किमान पाच अर्थ होतात. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे शिक्षण घेऊन मिळालेली एम.डी. हा एक. बीएएमएसनंतरची आयुर्वेदातली एम.डी. आणि बीएचएमएसनंतरची होमिओपॅथीतली एम.डी. हे आणखी दोन, आणि आपापल्या शास्त्रात त्या पूर्ण मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदव्या आहेत. चौथा अर्थ रशिया आणि आसपासच्या देशांतल्या पदवीचा. तिचे नाव एम.डी. असले तरी ती आपल्या एमबीबीएसच्या पातळीची पहिली पदवी असते, आणि इथली पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय तिच्यावर व्यवसाय करता येत नाही. पाचवा अर्थ ‘पर्यायी वैद्यक’ वगैरे नावांनी मान्यता नसलेल्या संस्था वाटतात त्या कागदाचा. या पाचही माणसांच्या पाट्यांवर कंसातला मजकूर गाळला, की रुग्णाला त्या सारख्याच दिसतात. फसवणूक बहुतेक वेळा खोट्या अक्षरांत नसते, ती गाळलेल्या कंसात असते.

हीच गोष्ट ‘तज्ज्ञ’ या शब्दाची. विशेष पात्रता नसताना तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असे त्याच २००२ च्या विनियमांत लिहिले आहे. हृदयरोगातली डी.एम. करायला एम.डी.नंतर आणखी तीन वर्षे लागतात, म्हणजे बारावीनंतर साधारण साडेअकरा वर्षे. त्या माणसाच्या पाटीवर ‘हृदयरोगतज्ज्ञ’ लिहिलेले असते, आणि शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम केलेल्या माणसाच्या पाटीवरही तोच शब्द असू शकतो. शुल्क भरून मिळणारी सदस्यत्वे नावापुढे पदवीसारखी लावली जातात. केसांच्या प्रत्यारोपणाबाबत तर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सांगावे लागले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

आता वकीलसाहेबांशी माझा मतभेद. सरसकट बंदीचा फटका कोणाला बसतो ते मी रोज पाहते. वाकडला नवा दवाखाना सुरू करणाऱ्या तरुण डॉक्टरने संकेतस्थळावर आपण काय शिकलो, कुठले आजार पाहतो, एवढे लिहिले तरी त्याला आचारसंहितेची भीती वाटते. त्याच रस्त्यावर मोठ्या रुग्णालयाच्या फलकावर आठ डॉक्टरांचे हसरे फोटो असतात, आणि विचारले तर ते डॉक्टर सांगतात की फोटो मार्केटिंग विभागाने लावले. खरी माहिती देऊ पाहणारा गप्प बसतो आणि रुग्णापर्यंत फक्त पैसे असलेल्यांचा आवाज पोहोचतो. प्रसिद्धीपूर्व मंजुरी आणली तरी तसेच होईल, कारण मंजुरीच्या खेपा घालायला मोठ्या संस्थेकडे माणसे असतात, एकट्या डॉक्टरकडे नसतात.

अमेरिकेत तिथल्या वैद्यक संघटनेने अशीच बंदी घातली होती. सरकारच्या व्यापार आयोगाने १९७५ मध्ये तिच्याविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्यामुळे आयोगाचा आदेश कायम राहिला. त्यानंतर तिथे जी खुली जाहिरातबाजी सुरू झाली ती मला आपल्याकडे नको आहे. पण त्या आदेशाने संघटनेला खोट्या आणि फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम करायची मोकळीक ठेवली होती, आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो : बोलण्यावर बंदी नको, खोटे बोलण्यावर हवी.

माझी मागणी अशी आहे की डॉक्टरचे नाव जिथे येईल तिथे, मग तो फलक असो की चित्रफीत, पूर्ण पदवी, उपचारपद्धती, विद्यापीठ, परिषदेचे नाव आणि नोंदणी क्रमांक मराठीत आणि नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत असलेच पाहिजेत, आणि ते नसतील तर जाहिरात देणाऱ्या संस्थेलाही दंड झाला पाहिजे. अशी सक्ती करता येत नाही असे नाही. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत सुधारणा करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केलेच आहे.

तोपर्यंत धायरीकरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या गृहस्थांचे नाव शोधावे. नोंदवहीत असलेली पदवी हीच पदवी. बाकी सगळी अक्षरे बाजूला ठेवावीत.

जाहिरात क्षेत्रातून

मी काही वर्षे एका एजन्सीत दवाखान्यांच्या जाहिरातींचे काम पाहिले आणि नंतर ते काम सोडले. धायरीकरांच्या आईंना जाहिरात ‘त्याच सुमारास’ का दिसू लागली, हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. वय, शहर आणि गुडघेदुखीबद्दल शोधलेले शब्द यांवरून जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरते. त्यावर बोट लावून नंबर दिला की त्या माणसाला आमच्या भाषेत ‘लीड’ म्हणतात. फोन करणारी व्यक्ती डॉक्टरची नसते, ती आमची असते, आणि किती लीड प्रत्यक्ष दवाखान्यात पोहोचल्या यावर बिल ठरते. जाहिरातीतले वाक्य लिहिताना त्या खोलीत एकही वैद्यकीय माणूस नसायचा. मी तिथे होतो तेवढ्या काळात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मला एकदाही कोणी मागितला नाही. रस्त्यावरच्या फलकांसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा परवाना लागतो, पण तो जागा, आकार आणि शुल्क यांपुरता. फलकावरचा मजकूर खरा आहे का, हे पाहणे त्या विभागाचे काम नाही.

खोटे न बोलता दिशाभूल कशी होते, याचे एक उदाहरण वंध्यत्व उपचारांचे देतो. ‘यशाचे प्रमाण’ म्हणून जो आकडा छापतात तो गर्भधारणेची चाचणी सकारात्मक येण्याचा आहे की घरी बाळ येण्याचा, एका आवर्तनामागे आहे की अनेक आवर्तने केलेल्या जोडप्यामागे, आणि किती वयाच्या स्त्रियांमध्ये, हे लिहिलेले नसते. आकडा बदलावा लागत नाही, फक्त कशाला भागले ते लपवले की पुरते.

जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांना आवर घालता येत नाही, हे मात्र मला पटत नाही. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना कायद्याने बंदी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्यासाठी नोडल यंत्रणा नेमायला सांगितले आणि तिने कळवल्यावर ३६ तासांत अशी जाहिरात काढण्याचे बंधन शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांवर घातले. एका विषयात हे होऊ शकते, तर ‘कायमची मुक्ती’ या शब्दांबाबतही होऊ शकेल.

वैद्या, सदाशिव पेठ

चर्चेतून आयुर्वेद म्हणजे लपवलेली पदवी, असा अर्थ निघू नये म्हणून लिहिते. माझ्या पाटीवर ‘एम.डी. (आयुर्वेद)’ असे, कंसातला शब्द तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. तो गाळला तर अधिक रुग्ण येतील, असे मला व्यवसायाच्या पहिल्या वर्षी सुचवले गेले होते. मी ते केले नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आपण कोणत्या शास्त्राकडे चाललो आहोत हे ठाऊक असण्याचा हक्क आहे. आपल्या पद्धतीचे शिक्षण सोडून दुसऱ्याच पद्धतीचे उपचार करणाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात फार कठोर शब्द वापरले आहेत, आणि ते सर्वांनाच लागू आहेत.

‘कायमची मुक्ती’ हा दावा आयुर्वेदाच्या नावानेही करता येत नाही. आमच्या शास्त्रात व्याधींचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केलेले आहेत. याप्य म्हणजे जो पूर्ण जात नाही, पथ्य आणि औषध यांनी आटोक्यात ठेवावा लागतो. उतारवयातली सांध्यांची झीज पुष्कळदा याच गटात जाते, आणि ते रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. संबंधित गृहस्थ आयुर्वेदाचे निघाले तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीचे निघाले तर त्यांच्या परिषदेकडे तक्रार करावी. मेडिकल कौन्सिलकडे पाठवलेला अर्ज तिथे अधिकार नाही म्हणून परत येईल आणि आपले महिने वाया जातील.

वकील, शिवाजीनगर

डॉक्टर, आपला मंजुरीबद्दलचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. एकट्या डॉक्टरच्या अडचणीचा विचार मी केला नव्हता. तरीही रुग्णांची अनुभवकथने आणि उपचारांआधीचे-नंतरचे फोटो यांवर सरसकट बंदीच हवी, असे मला वाटते. पदवी नोंदवहीत तपासता येते. पर्वती चढणाऱ्या बाईंचे गुडघे कोणत्याही नोंदवहीत तपासता येत नाहीत.

धायरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिन्ही परिषदांच्या नोंदी पाहिल्या. मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत ते नाव नाही, इंडियन मेडिसिनच्याही नाही. होमिओपॅथीच्या नोंदवहीत आहे, पण तिथे फक्त बीएचएमएस लिहिलेले आहे, एम.डी.चा उल्लेख नाही. ‘गुडघेतज्ज्ञ’ कुठून आले ते मला अजून कळलेले नाही.

आज १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. होमिओपॅथी परिषदेसाठी आणि अन्न व औषध प्रशासनासाठी वेगवेगळे अर्ज तयार केले आहेत. डॉक्टर ताईंनी सांगितल्याप्रमाणे पदवीचा मुद्दा परिषदेच्या अर्जात आहे, आणि जाहिरातीतल्या शब्दांचा मुद्दा प्रशासनाच्या. आईला तिचे म्हणणे सांगायला बसवले होते, तर तिने स्वतःच वही मागून घेतली. फोनवर तिला कोणी काय काय सांगितले ते तिने तारखांसह दोन पाने भरून लिहिले आहे आणि खाली सही केली आहे. मला माहीत नसलेल्या तीन फोनचा उल्लेख त्यात आहे. तिने पुन्हा आधीच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला सुरुवात केली आहे आणि सकाळचे व्यायाम चालू आहेत.

वकीलसाहेब, एकच विचारायचे राहिले. पावतीची मूळ प्रत अर्जासोबत द्यावी का?

वकील, शिवाजीनगर

देऊ नका. दोन्ही अर्जांना स्वसाक्षांकित छायाप्रत जोडा आणि मूळ पावती सुनावणीसाठी स्वतःकडे ठेवा. आईंच्या दोन पानांचीही छायाप्रतच जोडा. अर्ज प्रत्यक्ष नेऊन दिलात तर आपल्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.